अनंतरावांची तहान

अनंतरावांना सगळं आधी लागायचं. कन्नडला कुणाचं लग्न असलं, की वऱ्हाड निघायच्या आधी हे मंडपात हजर, आणि आचारी चूल पेटवत असतानाच कोणती पंगत कुठं बसेल याचा आराखडा यांच्या डोक्यात तयार. त्यांच्या स्वतःच्या लग्नातही भटजी यायच्या आधी नवरदेव पाटावर बसलेला होता, असं मीनाक्षीचे भाऊ अजून हसून सांगत. मीनाक्षी म्हणायची, "बसू दे की. वाट बघायला लावणाऱ्यापेक्षा वाट बघणारा बरा."

आजोबा कन्नडच्या देवळात पूजेला होते, वडील तहसील कचेरीत कारकून. अनंतरावांनी बी.कॉम. केलं आणि वाळूजच्या एका कारखान्यात हिशेबनीस म्हणून चिकटले. तेव्हा वाळूज म्हणजे माळरान आणि मधूनमधून पत्र्याच्या शेडा. पुढं माळ कारखान्यांनी भरला, शेजारी बजाजनगर वसलं. शहर रेल्वे रुळांच्या पलीकडं, शेजारच्या सातारा गावाच्या डोंगराकडं सरकू लागलं, तसे अनंतरावही सरकले. खंडोबाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यालगत त्यांनी छोटा प्लॉट घेतला आणि त्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागं ओटा एवढं घर बांधलं. शहराच्या पाट्यांवर तेव्हा औरंगाबाद लिहिलेलं असे. घरात मात्र सगळे नुसतं 'गावात' म्हणत. गावात जाऊन येतो, गावातून भाजी आण.

सकाळी सातच्या आत कंपनीची बस पकडायची आणि दिवेलागणीला परतायचं, यात सगळं आयुष्य गेलं. जुलै महिना आला की कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी कामगारांची रांग लागे, कारण आयकराचं विवरण अनंतरावांनीच भरून द्यावं असा प्रत्येकाचा हट्ट. ते आधी पेन्सिलीनं भरत, मग पुन्हा तपासत, मग पेन उचलत. आयुष्यात त्यांनी थेट पेननं काही लिहिलं असेल तर ते लग्नाआधी मीनाक्षीला पाठवलेलं एक पत्र. त्यातही दोन ठिकाणी खाडाखोड होती, म्हणून पुढं ते कायम पेन्सिलीकडं वळले.

दोन हजार सोळा साली सगळ्या मराठवाड्यावर दुष्काळानं बस्तान मांडलं होतं. पावसानं सलग पाठ फिरवलेली, पैठणच्या धरणात तळाचं पाणी. कारखान्यांच्या पाण्यात कपात झाली, आधीच मंदावलेलं काम आणखी मंदावलं आणि कंपनीनं स्वेच्छानिवृत्तीची योजना फलकावर लावली. लोक फलकापुढं उभे राहून एकमेकांची तोंडं बघत होते. अनंतराव फलक वाचून घरी आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "मीनाक्षी, मी विचार करतोय."

"तुमचा विचार झालेला असतो," मीनाक्षी म्हणाली. "मला फक्त सांगायचा राहिलेला असतो."

ते खरंच होतं. हिरव्या रंगाची एक फाईल वर्षभरापूर्वीच तयार होती. वय त्रेपन्न. त्यांनी त्यात तीन भाग केले होते: कर, औषधपाणी आणि हौस.

कराचा भाग वाचून मीनाक्षीला नवऱ्याचं कौतुक वाटलं. कंपनीची एकरकमी रक्कम मार्च संपायच्या आत घेतली, तर ती वर्षभराच्या पगाराच्या डोक्यावर चढून बसणार आणि कर दणदणीत लागणार. तीच एप्रिलमध्ये घेतली, तर वर्ष नवं, पगार नाही. पहिल्या पाच लाखांना कायद्यानं सूट, उरलेल्यावर कर हलका. योजना एप्रिलच्या मध्यापर्यंत खुली होती. अनंतरावांनी हे कँटीनमध्ये सांगितलं आणि निम्मं खातं राजीनामे खिशात ठेवून एप्रिलची वाट बघत बसलं.

औषधपाण्याच्या भागावर मात्र त्यांनी जास्त वेळ घालवला होता, आणि त्याचं कारण मीनाक्षीला ठाऊक होतं. अनंतरावांचे वडील, ज्यांना घरात सगळे अप्पा म्हणत, त्यांना साखरेचा आजार होता. पायाला झालेली साधी जखम चिघळत गेली आणि शेवटी घाटीच्या सरकारी दवाखान्यात पाय कापावा लागला. तेव्हा विमा वगैरे काही नव्हतं. सासूबाईंच्या आधी बांगड्या गेल्या, मग पाटल्या, आणि शेवटी अप्पाही गेले. अनंतराव तेव्हा नुकते नोकरीला लागले होते. आईचे मोकळे हात त्यांनी पाहिले होते.

म्हणून फाईलमध्ये ठळक लिहिलं होतं: कंपनीचा आरोग्य विमा जूनअखेर संपतो. त्याच विमा कंपनीच्या स्वतःच्या पॉलिसीत जाता येतं, कंपनीत काढलेली वर्षंही धरली जातात, पण अर्ज महिनाभर आधी द्यावा लागतो आणि मंजूर करणं न करणं त्यांच्या हाती. अर्ज हुकला किंवा नाकारला, तर जुलैपासून नवरा, बायको आणि पुण्यात शेवटच्या वर्षाला शिकणारी लेक मृण्मयी, तिघंही उघड्यावर. या वयात नवा विमा सहजी कोण देणार?

हौसेच्या भागात एकच ओळ होती. 'शिमल्याची छोटी गाडी. मीनाक्षीला खिडकी.'

एप्रिलमध्ये अनंतराव घरी बसले. पहिले काही दिवस सकाळी बस रस्त्यावरून गेली, की ते आवाज ऐकून उभे राहत आणि मग आपण कशाला उठलो ते आठवून पाणी प्यायला जात. पण दुपारचा चारचा चहा दोघांना मानवला. इतक्या वर्षांत कामाच्या दिवशी दुपारचा चहा दोघांनी मिळून घेतलाच नव्हता. मागच्या ओट्यावर सावली यायची, मीनाक्षी पितळी पातेल्यात चहा ठेवायची आणि अनंतराव तिला वर्तमानपत्रातल्या अशा बातम्या वाचून दाखवायचे, ज्या तिनं सकाळीच वाचलेल्या असत. ती ऐकून घ्यायची.

पाण्याचं मात्र कठीण होतं. परिसराला अजून नळ नव्हता, बोअर फेब्रुवारीतच आटलेली. वापरायला टँकर, प्यायला जार. जारचं पाणी मीनाक्षी मागच्या ओट्यावरच्या माठात ओतायची. शेजारच्या प्लॉटवर सात मजली इमारत उठत होती. तिथल्या पत्र्याच्या खोलीत अंबडकडून आलेला फकिरा राखणदारीला होता. त्याची बायको दगडाबाई दिवसभर विटा वाहायची. बांधकामाचं पाणी मचूळ, पिण्यासारखं नव्हतंच. मीनाक्षीनं तिला आपणहून सांगितलं होतं, "रोज दुपारी एक कळशी इथून ने." दगडाबाई येई, माठातून कळशी भरी, डोक्यावरची चुंबळ नीट करी आणि म्हणे, "काकू, तुमच्या माठाला लई थंडावा हाय."

मे महिन्यात बद्रीनाथ आला. तो पूर्वी कंपनीच्या स्टोअरमध्ये होता. आधीच्या एका योजनेत बाहेर पडला आणि विम्याचा एजंट झाला. आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि बोलणं कधीच संपत नसे.

"वहिनी, साहेबांचं काय सांगावं! हे मरणाचं रिझर्वेशनसुद्धा चार महिने आधी काढतील, आणि तेही खालच्या बर्थचं."

"पोहे खा," मीनाक्षी आतून म्हणाली. "तोंड भरलेलं राहील."

बद्रीनाथ हसला आणि अर्ज काढून अनंतरावांपुढं ठेवला. "बघा, पंचावन्नच्या आत रक्ततपासणी नाही. आजारांचे प्रश्न विचारलेत, त्यापुढं हो किंवा नाही. आणि घरचा माणूस म्हणून एक सांगतो. कुठं काही दुखत-खुपत असेल, तर दाखवायचं ते मंजुरी हातात आल्यावर. आधी डॉक्टरचा कागद झाला, की विमावाल्यांचे नखरे सुरू."

"म्हणजे खोटं लिहायचं?" अनंतरावांनी विचारलं.

"छे, छे! खोटं कशाला? जे माहीतच नाही, ते न सांगण्याला खोटं कोण म्हणतं, साहेब?"

अनंतरावांनी पेन्सिलीला टोक काढलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. ज्याचं व्हाउचर फाटलं नाही, ते ताळेबंदात येत नाही."

मीनाक्षीला वाटलं, हे आपल्या गुडघ्याबद्दल चाललंय. गुडघा गेले काही महिने कुरकुरत होता. तिनं मनाशी ठरवलं, एक्स-रे जुलैत काढू, आणि कांद्याच्या पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरवली.

त्याच आठवड्यात माठाचं कोडं सुरू झालं. सकाळी गळ्यापर्यंत भरलेला माठ दुपार कलायच्या आत तळाला जाऊ लागला. पूर्वी एका जारात भागत असे, तिथं आता भागेना. मीनाक्षीनं माठ पुसून बघितला, कुठं झिरपतो का. खालची तिवई कोरडी होती. जारवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, जार तर गच्च भरून देतो." घरात माणसं दोन. मग उरलं कोण?

उन्हानं माणसाचं डोकं तापतं आणि दुष्काळानं मन. मीनाक्षी कुणाला टाकून बोलणारी नव्हती. पण त्या दुपारी दगडाबाई कळशी टेकवून वाकली, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "दगडाबाई, एकच कळशी ठरली होती ना आपली? माठ रोज रिकामा होतोय."

दगडाबाई वाकलेली सरळ झाली. कळशी अर्धी भरली होती.

"काकू, कळशी म्या तुमच्या डोळ्यांदेखत भरते. दुसरी भरली आसंल तर हात झडंल माझा."

"मी तसं म्हणाले नाही..."

"म्हणायचं काय ऱ्हायलं?" तिनं कळशी उचलली आणि भरलेलं पाणी पुन्हा माठात ओतलं. सावकाश, एक थेंबही बाहेर न सांडता. मग रिकामी कळशी काखेला लावून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दगडाबाई आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ती रस्त्यापलीकडच्या हॉटेलवाल्याकडून पाणी आणत होती. ओट्यावरून मीनाक्षीला ती येता-जाता दिसायची. एकदाही तिनं मान वळवली नाही.

आणि माठ तरीही रिकामाच होत होता.

एखादी गोष्ट डोळ्यांपुढं असते, पण माणूस तिच्याकडं पाहत नाही. मीनाक्षीनं आता पाहायला सुरुवात केली. अनंतराव वर्तमानपत्र आणायला उठत, आणि वाटेत ओट्यावर जात. फोन वाजला की उठत, आणि फोन संपला की ओट्यावर जात. पाणी पिताना ते तांब्याला भांड्याचा आवाज होऊ देत नसत. जेवायला बसले की भाकरी पूर्वीसारखीच खात, तरी पट्ट्याला त्यांनी सळईनं नवं भोक पाडलं होतं, आणि ते दिसू नये म्हणून सदरा बाहेर सोडून फिरत होते. टापटीप माणूस, आयुष्यभर सदरा आत खोचून वावरलेला. मीनाक्षीला वाटलं होतं, निवृत्तीची ऐट आहे.

एके सकाळी ती न्हाणीघर घासायला गेली. मोरीच्या कडेला मुंग्यांची रांग लागली होती. काळ्या, बारीक. भिंतीच्या फटीतून निघून मोरीपर्यंत आणि तिथून परत. मीनाक्षी हातात खराटा घेऊन तशीच उभी राहिली. सासूबाईंनी एकदा कन्नडच्या घरी भाजी निवडता निवडता सांगितलं होतं, "यांच्या साखरेचं डॉक्टरनं नंतर सांगितलं गं. मला मोरीतल्या मुंग्यांनी आधीच सांगितलं होतं. मी आपली हळद टाकून त्यांना हाकलत बसले."

मीनाक्षीनं मुंग्यांवर पाणी टाकलं नाही. खराटा भिंतीला टेकवला आणि बाहेर आली. अनंतराव टेबलाशी बसून विम्याचा अर्ज पेन्सिलीनं भरत होते. दिवसभर ती स्वयंपाकघरात काही ना काही करत राहिली. डबे पुसले, पुसलेले पुन्हा पुसले.

चार वाजता तिनं चहा ठेवला. दोन कप भरले. अनंतराव ओट्यावर येऊन बसले, बातमी शोधू लागले.

"अहो," ती म्हणाली, "माठातलं पाणी तुम्ही पिता."

"पाणी सगळेच पितात."

"दगडाबाईला मी चोर ठरवलं. ती यायची थांबली. माठ थांबला नाही."

अनंतरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली. घडीवर घडी. "उन्हाळा आहे."

"मोरीत मुंग्या आहेत."

शेजारी बांधकामावर सळ्या उतरवत होते, त्याचा खणखणाट होत राहिला. तो थांबल्यावर अनंतराव हळूच म्हणाले, "मी खोटं काही लिहिलेलं नाही. अर्जात विचारलंय, मधुमेह आहे का. मला माहीत नाही. तपासलंच नाही, तर माहीत कसं असणार? ज्याला माहीत नाही, तो लपवत नाही."

"वा! म्हणजे खोटं बोलायला नको, म्हणून स्वतःलाच सांगायचं नाही?"

"महिन्याचा तर प्रश्न आहे. एकदा मंजुरी आली, की लगेच दाखवणार होतो. एक जुलै. फाईलमध्ये लिहिलंय." ते खरोखर उठून फाईल आणायला निघाले.

"बसा खाली," मीनाक्षी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण अनंतराव बसले. "अप्पा काय म्हणाले होते, आठवतं? पायाला जखम झाली तेव्हा?"

अनंतराव मान खाली घालून कपातल्या चहाकडं बघत होते.

"मार्चअखेर होऊ दे, मग दाखवतो. कचेरीत वसुलीचं काम आहे, असं म्हणाले होते. तुम्ही म्हणता, जूनअखेर होऊ दे. तुमच्या घराण्यात तेवढा महिना बदलला. साखरेला तुमच्या तारखा कळतात होय?"

"मीनाक्षी, अर्ज नाकारला तर?" अनंतराव म्हणाले. "तू आईचे तेव्हाचे हात पाहिले नाहीस. मी पाहिलेत. गजरा माळायला वर केले की नुसती मनगटं दिसायची. मला तुझे हात तसे बघायचे नाहीत. म्हणून तर हे सगळं..." त्यांनी घराकडं, फाईलकडं, कुठंतरी हात केला. "एवढं आधीपासून ठरवलं, आणि नेमकं हेच मध्ये यावं? दोन महिने थांबायला काय झालं होतं त्याला!"

मीनाक्षीला हसू आलं आणि रडूही आलं. आजारानं आपल्या वेळापत्रकाप्रमाणं यायला हवं होतं, अशी तक्रार करणारा हा माणूस जगात एकटाच असेल. तिनं त्यांचा कप बाजूला सरकवला. त्यात तिनं आज साखर घातलीच नव्हती, आणि त्यांनी तोंडही लावलं नव्हतं.

"माझे हात माझ्याजवळ आहेत," ती म्हणाली. "आणि हे बघा, तुम्हाला माहीत नसेल, मला आता माहीत झालंय. त्या पॉलिसीत माझंही नाव आहे. तुम्ही 'नाही' लिहिलंत, तर ते माझ्या वतीनंही खोटं होईल. उद्या पायाला काही झालं आणि त्यांनी विचारलं, हे जुनं दुखणं तर नाही, तर मी काय सांगू? मोरीतल्या मुंग्यांनी मला काही सांगितलं नव्हतं म्हणून? नाकारला तर नाकारला. मग आपण दोघं मिळून काय करायचं ते बघू. तुमच्या फाईलमध्ये 'दोघं मिळून' असा भाग कुठाय?"

अनंतरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग म्हणाले, "पाणी देतेस का?"

तिनं माठातून भांडं भरून दिलं. ते सगळ्यांसमोर प्यावं तसं घटाघटा प्यायले. आणखी मागितलं. तिनं आणखी दिलं.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त दिलं. संध्याकाळी डॉक्टरांनी कागद बघितला. साखर चांगलीच वाढलेली होती.

"तहान कधीपासून लागते?"

"पाडव्याच्या आसपासपासून," अनंतराव म्हणाले.

मीनाक्षीनं त्यांच्याकडं वळून पाहिलं. पाडव्याला तिनं त्यांच्या आवडीचं श्रीखंड केलं होतं आणि आग्रहानं दोनदा वाढलं होतं.

डॉक्टरांनी पायाचे तळवे टोचून बघितले, डोळे बघितले. "वेळेवर आलात," ते म्हणाले. "पाय ठीक आहेत, डोळे ठीक आहेत. गोळ्या घ्या, चाला, आणि दर तीन महिन्यांनी तोंड दाखवा. आणखी उशीर केला असता तर मी असा हसून बोललो नसतो."

जिना उतरताना अनंतराव मधल्या पायरीवर थांबले. मीनाक्षीला वाटलं, चक्कर आली. ते आपल्याच पायांकडं बघत होते, चपलेतल्या बोटांकडं. मग त्यांनी बोटं एकदा हलवून पाहिली आणि पुढची पायरी उतरले.

त्याच रात्री अर्ज लिहिला गेला. पेन्सिलीनं लिहिलेलं 'नाही' त्यांनी खोडरबरानं पुसलं, कागदावरची धूळ फुंकली आणि थेट पेननं लिहिलं: 'होय'. सोबत रिपोर्ट जोडला. बद्रीनाथ अर्ज न्यायला आला तेव्हा ते वाचून त्यानं कपाळाला हात लावला.

"साहेब, हे काय केलंत! आपल्याच पायावर..." पुढचा शब्द त्यानं गिळला. अप्पांचं त्यालाही ठाऊक होतं.

"पायासाठीच केलंय," अनंतराव म्हणाले.

बद्रीनाथनं अर्ज पिशवीत ठेवला. मग मीनाक्षीकडं बघून म्हणाला, "वहिनी, माझी आई पण आजकाल फार पाणी पिते." आणि जाताना त्यानं डॉक्टरांचा पत्ता लिहून नेला.

आता दगडाबाई उरली होती. माठातलं पाणी मोठ्या पितळी कळशीत भरून मीनाक्षी स्वतः शेजारच्या प्लॉटवर गेली. गुडघा कुरकुरत होता. वाळूच्या ढिगाआड, पत्र्याच्या खोलीपुढं दगडाबाई भाकरी थापत बसली होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा परातीकडं पाहिलं.

"दगडाबाई, पाणी आमच्याच घरात जात होतं," मीनाक्षी उभ्याउभ्याच म्हणाली. "यांना साखर निघाली. तहानच थांबत नव्हती. मी तुला नको ते बोलले. चुकलं माझं."

दगडाबाईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. मग म्हणाली, "मंग भाऊंच्या नावानं वरडायचं व्हतं. माझ्या नावानं कामून वरडल्या?"

"नवऱ्यावर संशय आला नाही."

"आता?" दगडाबाईच्या डोळ्यांत बारीक हसू उमटलं. "नवऱ्यावरच आदुगर घ्यावा, काकू. बाहेरची माणसं नंतर." मग तिनं परात बाजूला सारली, उठून कळशी हातातून घेतली आणि सावलीत ठेवली. "पायाला बरं न्हाय तुमच्या. इतकी जड कळशी घिऊन कशाला आल्या? म्या आले आसते की."

"आली असतीस?"

"न्हाय," दगडाबाई म्हणाली. "पर उद्यापून यीन."

जून महिना विमा कंपनीच्या उत्तराची वाट बघण्यात गेला. पाऊस नव्हता, ढग येऊन नुसते डोंगरावर बसत आणि निघून जात. अनंतराव सकाळी खंडोबाच्या देवळापर्यंत चालून येत. भाताचं प्रमाण मीनाक्षीनं कमी केलं, तर ते म्हणाले, "माझ्या वाट्याचा भात कुणाच्या खात्यात वर्ग केलास?" चारच्या चहाचा पहिला बिनसाखरी घोट घेतल्यावर दोन दिवस त्यांनी बातमी वाचून दाखवली नाही. तिसऱ्या दिवशी आपणहून सुरू केली. विमा कंपनीनं आणखी एक रिपोर्ट मागितला, तो दिला. मग पुन्हा शांतता. जूनचा शेवटचा आठवडा उजाडला, तसे अनंतराव गेटपाशी खुर्ची टाकून बसू लागले. मीनाक्षी स्वतः खिडकीपाशी भाजी निवडायची.

पत्र आलं ते कुरिअरनं, भर दुपारी. अर्ज मंजूर झाला होता. हप्ता फाईलमधल्या आकड्याच्या जवळजवळ दीडपट. कंपनीत काढलेली वर्षं धरली होती, त्यामुळं साखरेच्या दुखण्यालाही पुढं संरक्षण होतं.

अनंतरावांनी पत्र दोनदा वाचलं. मग फाईल काढली, आकडे नव्यानं मांडले आणि खोडरबर घेऊन हौसेच्या पानावर आले. 'शिमल्याची छोटी गाडी' पुसू लागले. 'शिमल्याची' एवढं पुसून झालं तेव्हा मीनाक्षीनं त्यांचा हात धरला. टेबलावरचं पेन उचलून तिनं पुसलेल्या जागी पुन्हा लिहिलं. अक्षर जरा मोठं पडलं, ओळीबाहेर गेलं.

"पेननं लिहिलंस?" अनंतराव म्हणाले. "आता पुसता येणार नाही."

"म्हणूनच. पुढच्या वर्षी जाऊ. नाहीतर त्याच्या पुढच्या. गाडी कुठं पळून जात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीनाक्षी नेहमीप्रमाणं ओट्यावर गेली. आदल्या संध्याकाळी तिनं माठ गळ्यापर्यंत भरला होता. गेले कित्येक दिवस सकाळी झाकण उचललं की आत ओल आणि तळाशी ओंजळभर पाणी दिसायचं, म्हणून जारला हात घालतच तिनं झाकण उचललं.

पाणी गळ्याच्या जरासंच खाली होतं. त्यात आकाशाचा गोल तुकडा दिसत होता, बिनढगाचा. मीनाक्षी वाकून बघत राहिली.

फिरून आलेले अनंतराव दारात येऊन उभे राहिले. सदरा आत खोचलेला होता. "काय झालं? माठ फुटला?"

"नाही."

तिनं पळीनं पाणी काढलं, भांडं काठोकाठ भरलं आणि त्यांच्यापुढं धरलं.

"मला तहान नाही," अनंतराव म्हणाले.

"माहीत आहे," मीनाक्षी म्हणाली, आणि ते पाणी तिथंच उभ्यानं, सावकाश, स्वतःच प्यायली.